चिंतेवरील औषधें व त्यांची मुदत

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या लोहमार्गावर कल्याण व वाशिंद मागें टाकलें म्हणजे आसनगांव हें स्थानक लागतें. १८६० सालीं वाशिंदपासून आसनगांवापर्यंत रूळ आले आणि १८६१ च्या आरंभीं ते कसाऱ्यास पोंचले. शहापूर गांव रुळांपासून थोडें दूर राहिलें, त्यामुळें आसनगांव हेंच त्या तालुक्याचें लोहमार्गावरील दार झालें. एकीकडे माहुलीचे सुळके, त्यांच्या पायथ्याचें रान आणि ठाकूर, कातकरी, वारली यांच्या वाड्या व पाडे. दुसरीकडे पहांटेच्या गाडीनें ठाण्या-मुंबईच्या कचेऱ्यांकडे निघणारा नोकरदार. रानांतील मुळ्या ओळखणारा मनुष्य आणि डॉक्टरची चिठ्ठी खिशांत घालून फिरणारा मनुष्य हे दोघे या एका फलाटावर शेजारीं शेजारीं उभे असतात. आज ज्या औषधांचा इतिहास मी सांगणार आहें, त्याच्याहि एका टोकाला रानांतली मुळी आहे आणि दुसऱ्या टोकाला दुकानांतली गोळी आहे.

चिंता ही मनुष्याची जन्माची सोबतीण. मुलीचें लग्न, मुलाची परीक्षा, शस्त्रक्रियेचा ठरलेला दिवस, घरांतील मृत्यु, नोकरीवर आलेलें गंडांतर, अशा प्रसंगीं छातींत धडधडणें, झोंप उडणें, अन्न गोड न लागणें हें स्वाभाविक आहे. चिंता आणि चिता यांत एका अनुस्वाराचेंच काय तें अंतर, असें आपले वडीलधारे म्हणत आले तें उगीच नव्हे. परंतु कधीं कधीं ती इतकी अनावर होते कीं, माणसाचें काम, आहार व निद्रा हीं सर्वच थांबतात. अशा वेळीं डॉक्टर थोड्या दिवसांकरितां शामक औषध देतात, आणि तें सांगितल्याप्रमाणें घेतलें तर उपकारकहि होतें. मात्र "थोड्या दिवसांकरितां" हे शब्द पुष्कळदां रुग्णाच्या कानांवरून जातात. सात दिवसांची चिठ्ठी सात महिने चालते. सासूची गोळी सुनेला आणि एका बिऱ्हाडाची गोळी दुसऱ्या बिऱ्हाडाला दिली जाते. हे साधे शब्द वैद्यकशास्त्र कोणत्या अनुभवांतून शिकलें, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम रानांतल्या मुळीकडे वळूं. कोंकणांत व सह्याद्रीच्या ओलसर, सावलीच्या रानांत एक लहानसें झुडूप आढळतें. त्याचीं फुलें पांढरीं, देंठाकडे तांबूस. फळें पिकल्यावर काळसर जांभळीं होतात. संस्कृतांत त्याला सर्पगंधा म्हणतात. मराठींत हरकी, अडकई, मुंगूसवेल अशीं त्याचीं नांवें आहेत. सापाशीं झुंजण्यापूर्वीं मुंगूस ही मुळी चावतें, अशी लोकांची समजूत, आणि तीवरूनच हें शेवटचें नांव पडलें. गोव्यांत १५६३ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें सर्पविषावर देत असलेल्या मुळ्यांचें वर्णन केलें आहे आणि मुंगसाची हीच गोष्टहि सांगितली आहे. त्या मुळ्यांपैकीं एक सर्पगंधा असावी, असें पुढील वनस्पतिशास्त्रज्ञांनीं मानलें. सर्पदंशावर मात्र या मुळीचा कांहीं उपयोग होत नाहीं, हें आज निश्चित झालें आहे. दंश झालेल्या माणसाला प्रतिविषाची लस मिळेल अशा रुग्णालयांतच नेलें पाहिजे. परंतु त्या मुळीच्या अंगीं दुसरा एक गुण होता, आणि तो बिहारांतील लोकांना ठाऊक होता. तेथें तिला वेड्याचें औषध म्हणत, आणि रडणाऱ्या मुलांना निजविण्यासाठींहि ती देत असत.

इकडे शहरांतील औषधालयांत वेगळाच माल होता. १८५७ सालीं लंडनच्या सर चार्ल्स लोकॉक यांनीं अपस्मारावर पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग सुचविला आणि पुढें तें क्षार सर्व तऱ्हेच्या अस्वस्थतेवर देण्यांत येऊं लागले. १८६९ मध्यें बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइख यांनीं क्लोरल हायड्रेट हें निद्राकारक औषध पुढें आणिलें. १९०३ सालीं एमिल फिशर व योसेफ फॉन मेरिंग यांच्या संशोधनांतून व्हेरोनल निघालें, आणि १९१२ मध्यें फेनोबार्बिटल बाजारांत आलें. प्रत्येकाचें स्वागत सारख्याच थाटानें झालें: हें मागच्याहून सौम्य आहे, हें निर्धास्तपणें घ्यावें.

प्रत्यक्षांत काय झालें? ब्रोमाइड शरीरांतून फार सावकाश बाहेर पडतें. घेतलेल्या मात्रेचा निम्मा भाग जाण्यासहि सुमारें बारा दिवस लागतात. रोज चमचाभर घेणाऱ्याच्या शरीरांत तें सांचत जाई आणि कांहीं आठवड्यांनीं त्याची स्मृति मंद होई, अंगावर पुरळ उठे, क्वचित् भ्रमहि होई. हा भ्रम पाहून घरचे लोक आणखी ब्रोमाइड पाजीत! व्हेरोनलच्या जातीच्या औषधांचा दोष निराळा होता. झोंप आणणारी मात्रा आणि श्वास बंद पाडणारी मात्रा यांत अंतर फार थोडें. त्यांत मद्याची भर पडली तर तें थोडें अंतरहि नाहींसें होई. संवयीनें मात्रा वाढे, आणि एकदम सोडलीं तर झटके येत. फेनोबार्बिटल अपस्मारावर आजहि देतात, पण चिंतेवरचें औषध म्हणून त्या जातीचे दिवस संपले आहेत.

त्या काळीं आपल्या देशांत औषधांच्या विक्रीवर म्हणण्यासारखें नियंत्रण नव्हतें. अफूसारख्या पदार्थांवर कायदे होते. बाकीच्या औषधांत काय आहे आणि तें कोण विकतो, हें विचारणारें कोणी नव्हतें. या स्थितीची चौकशी करण्याकरितां सरकारनें १९३० सालीं कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. भेसळीचीं व निकृष्ट औषधें सर्वत्र विकलीं जातात, म्हणून औषधांवर व तीं विकणाऱ्यांवर कायद्याची देखरेख हवी, असा तिच्या १९३१ च्या अहवालाचा मथितार्थ होता. त्याप्रमाणें औषधांचा कायदा १९४० त झाला, त्याखालील नियम १९४५ त झाले, आणि औषधनिर्मात्यांच्या व्यवसायाचा कायदा १९४८ त आला. औषधविक्रीच्या नियमांतील एक कलम गृहस्थाश्रमी माणसानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. ज्यांना डॉक्टरची चिठ्ठी लागते अशीं औषधें एका चिठ्ठीवर एकदांच द्यावयाचीं. ती पुन्हां वापरावी असें डॉक्टरनें तिच्यावर लिहिलें असेल तरच दुसऱ्यांदा. म्हणजे गेल्या वर्षीची चिठ्ठी दाखवून या वर्षीं गोळ्या आणणें ही दुकानदाराची मेहेरबानी नसून नियमाचा भंग आहे.

ज्या वर्षीं चोप्रांचा अहवाल निघाला, त्याच १९३१ सालीं गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस या बंगाली वैद्यांनीं सर्पगंधेवर एक निबंध प्रसिद्ध केला. ही मुळी उन्मादावर व वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी आहे, असें त्यांनीं लिहिलें. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयांत सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनीं तिच्यांतील अनेक द्रव्यें वेगळीं काढलीं आणि एकाला हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ अजमलीन असें नांव दिलें. पण जगाचें लक्ष वेधलें तें मुंबईच्या कामामुळें. किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयांतील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवर ही मुळी पद्धतशीरपणें वापरून पाहिली आणि १९४९ मध्यें 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकांत तिचा वृत्तांत छापला. मात्रा किती, किती दिवस, दाब किती उतरला, त्रास कोणता झाला, हें सर्व त्यांत मांडलें होतें. आजीबाईच्या बटव्यांतील औषधाला शास्त्राच्या पंक्तींत पान मिळतें तें अशा नोंदींमुळें. १९५७ सालीं त्यांना अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें.

१९५२ त स्वित्झर्लंडमधील बाझल येथें सीबा कंपनीच्या म्युलर, श्लिट्लर व बाइन या संशोधकांनीं या मुळींतील मुख्य द्रव्य वेगळें केलें. त्याचें नांव रेझर्पिन. त्यानें रोगी झोंपत नाहीं, पण शांत होतो, हें पाहून सीबाच्याच संशोधकांनीं १९५३ च्या सुमारास त्याच्या गुणाला 'ट्रँक्विलायझिंग' असें विशेषण लाविलें, आणि पुढें या सबंध वर्गाचें 'ट्रँक्विलायझर' हें नांव जगभर रूढ झालें. १९५४ त न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनीं मनोरुग्णांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. १९०१ सालीं स्थापन झालेल्या आपल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयासारख्या संस्थांपाशीं तोंवर ब्रोमाइड, पॅराल्डिहाइड आणि तशाच झोंपेच्या औषधांपलीकडे पोटांत देण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या वेळच्या आनंदाची कल्पना येईल.

पण त्याच १९५४ सालीं एडवर्ड फ्राइस या अमेरिकन डॉक्टरांनीं दुसरी बाजू दाखविली. रेझर्पिन मोठ्या मात्रेंत आणि दीर्घकाळ घेणाऱ्या रक्तदाबाच्या कांहीं रोग्यांना गाढ खिन्नतेनें ग्रासलें होतें. हा संबंध किती घट्ट आहे यावर पुढें बराच वाद झाला, परंतु मनाच्या शांतीसाठीं हें औषध देण्याची पद्धत मागें पडली. रानाचेंहि नुकसान झालें. या औषधाचा सारा गुण मुळांत आहे, आणि मूळ खणलें कीं झाड गेलें. मागणी वाढतांच सर्पगंधा इतकी खणली गेली कीं, १९९० सालीं तिचें नांव आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनें असलेल्या वनस्पतींच्या यादींत घालावें लागलें.

आतां आजच्या गोळीकडे येऊं. १९५५ त फ्रँक बर्गर यांचें मेप्रोबामेट निघालें आणि अमेरिकेंत त्याच्यावर अक्षरशः उड्या पडल्या. त्याच सुमारास हॉफमन-ला रोश कंपनीच्या न्यू जर्सीमधील प्रयोगशाळेंत लिओ स्टर्नबाख हे रसायनज्ञ एका निराळ्या वर्गावर काम करीत होते. १९५७ मध्यें टेबल आवरतांना अडगळींत पडलेलें एक संयुग त्यांच्या सहकाऱ्याच्या दृष्टीस पडलें. प्राण्यांवर तपासतां तें उत्तम शामक ठरलें. तेंच क्लोरडायाझेपॉक्साइड. तें १९६० त 'लिब्रियम' या नांवानें विक्रीस आलें, आणि १९६३ त त्याच्या मागोमाग डायाझेपाम, म्हणजे 'व्हॅलियम', आलें. १९७८ त एकट्या अमेरिकेंत व्हॅलियमच्या दोन अब्जांवर गोळ्या खपल्या. आपल्याकडे तेंच औषध 'काम्पोज' या नांवानें घरोघर परिचयाचें झालें. पुढें नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम हीं त्याच कुळांतील भावंडें आलीं, आणि आज चिंतेसाठीं लिहून दिलेल्या चिठ्ठींत बहुधा यांपैकींच एकाचें नांव असतें.

या कुळाचा एक मोठा गुण निःसंशय मान्य केला पाहिजे. एकटीच घेतलेली ही गोळी व्हेरोनलच्या जातीसारखी सहजासहजीं प्राणघातक होत नाहीं. त्यामुळेंच ती पूर्ण निर्धोक आहे असा समज पसरला, आणि १९६१ सालीं लिओ हॉलिस्टर यांनीं दिलेल्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झालें. मोठ्या मात्रेंत क्लोरडायाझेपॉक्साइड घेणाऱ्या रोग्यांचें औषध एकाएकीं थांबवितांच त्यांना थरकांप, निद्रानाश, कांहींना झटकेहि आले होते. हें मोठ्या मात्रेचें फळ आहे, नेहमींच्या मात्रेंत असें होत नाहीं, असें लोक वीस वर्षें म्हणत राहिले. १९८१ च्या सुमारास लंडनच्या माल्कम लेडर प्रभृतींनीं दाखवून दिलें कीं, साध्या मात्रेंतहि, दीर्घकाळ घेतल्यास, हेंच होऊं शकतें. अखेर १९८८ सालीं ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीनें स्पष्ट शब्दांत सांगितलें कीं, चिंता तीव्र व असह्य असेल तरच हीं औषधें द्यावींत, आणि तींहि दोन ते चार आठवडेच. अमेरिकेच्या औषध प्रशासनानें या वर्गाच्या वेष्टणावर संवयीबद्दलचा ठळक इशारा छापण्यास लाविलें तें २०२० त. पहिल्या इशाऱ्यापासून ही एकोणसाठ वर्षांची वाट आहे, हें विसरतां कामा नये.

आपल्या देशांत १९८५ च्या मादक पदार्थांच्या कायद्यानें डायाझेपाम व अल्प्राझोलाम यांसारख्या औषधांना मनावर परिणाम करणाऱ्या नियंत्रित द्रव्यांत घातलें. २०१३ त सरकारनें 'एच-१' ही नवी अनुसूची काढली आणि १ मार्च २०१४ पासून ती अमलांत आली. तिच्यांतील आरंभींच्या ४६ औषधांत अल्प्राझोलाम, डायाझेपाम, क्लोरडायाझेपॉक्साइड व नायट्राझेपाम हीं आहेत. तीं विकतांना दुकानदारानें वेगळ्या वहींत डॉक्टरचें नांव व पत्ता, रोग्याचें नांव, औषधाचें नांव व संख्या लिहावयाची आणि ती वही तीन वर्षें जपून ठेवावयाची. हा जाच कशाला, असें ज्याला वाटेल त्यानें मालेगांवकडे पाहावें. तेथें अल्प्राझोलामच्या गोळ्या 'कुत्ता गोळी' या नांवानें नशेसाठीं विकल्या गेल्या आणि तरण्याताठ्या मुलांचें नुकसान झालें. मुंबईंत नायट्राझेपामच्या गोळीला 'बटण' म्हणत. औषध तेंच, डॉक्टर, मात्रा व मुदत हीं तिन्ही गेलीं कीं त्याचें असें होतें.

मग मुदत ओलांडली म्हणजे होतें तरी काय? आपल्या मेंदूंत 'गाबा' नांवाचें एक द्रव्य आहे; तें मज्जापेशींची धांवपळ आवरतें, जणूं गाडीचा ब्रेकच. हें औषध त्या ब्रेकाला जोर देतें. त्यासाठीं मेंदूंत असलेली विशिष्ट जागा १९७७ त सांपडली. परंतु आठवड्यामागून आठवडे बाहेरून जोर मिळूं लागला कीं मेंदू त्याला सरावतो. पहिल्या मात्रेनें पूर्वींइतका गुण येत नाहीं, आणि औषध एकदम बंद केलें कीं मूळ चिंता दुपटीनें उसळते. रोगी म्हणतो, "पाहा, गोळीवांचून मला चालत नाहीं!" वास्तविक ती पुष्कळदां जुनी चिंता नसून गोळी सुटल्याचा त्रास असतो. म्हणूनच दीर्घकाळ गोळी घेत असलेल्यानें हें भाषण ऐकून ती आजच फेंकून देऊं नये. त्यानें झटके येण्याचें भय असतें. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं मात्रा पायरीपायरीनें उतरवावी, मग त्याला कांहीं आठवडे लागोत कीं महिने.

वयाचाहि विचार हवा. तरुणाच्या शरीरांत डायाझेपामचा अर्धा भाग साधारण दिवसाभरांत उतरतो. ऐंशीच्या घरांतील माणसांत त्याला तीन-चार दिवस लागूं शकतात. रात्रीची गोळी दुसऱ्या रात्रीपर्यंत अंगांत राहते, तिच्यावर दुसरी पडते, आणि ब्रोमाइडची जुनी कहाणी नव्या नांवानें सुरू होते. पहांटे उठलेली आजी न्हाणीघराच्या उंबऱ्याशीं अडखळून पडते व खुब्याचें हाड मोडतें. घरचे लोक ओल्या फरशीला दोष देतात. गोळीचा विचार कोणाच्या मनांत येत नाहीं.

मद्याशीं तर या औषधाचें हाडवैर आहे, मग तें दुकानांतलें असो, ताडीचें असो कीं मोहाचें असो. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. कफाच्या औषधांतील कोडीन किंवा दुखण्यावरचें ट्रॅमाडॉल यांच्या जोडीनेंहि हाच धोका आहे, म्हणून दुसरें कोणतें औषध चालू आहे तें डॉक्टरांना आधींच सांगावें. गर्भवती, अंगावर पाजणारी आई, दमेकरी, आणि झोंपेंत श्वास अडकणारा मनुष्य यांनीं तर तें अगत्यानें सांगावें. गोळी घेतल्यावर वाहन चालवूं नये. आसनगांवाजवळून मुंबई-आग्रा हमरस्ता जातो आणि त्या भागांत कारखानेहि आहेत. सुकाणूवर किंवा यंत्रापाशीं आलेली क्षणभराची डुलकी पुरेशी होते.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्नहि थोडेच आहेत. हें औषध किती दिवस? तें बंद कसें करावयाचें? आणि तें संपल्यावर पुढें काय? यांतला तिसरा सर्वांत महत्त्वाचा आहे. चिंता महिनोन्महिने टिकणारी असेल तर तिचा उपचार वेगळा आहे: जाणत्या समुपदेशकाबरोबर विचारांची व वागण्याची घडी बदलण्याची रीतसर पद्धत, आणि जरूर तर दुसऱ्या वर्गाचीं औषधें. त्या औषधांचा गुण दिसण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. शामक गोळीचें खरें स्थान या मधल्या आठवड्यांत, किंवा एखाद्या अचानक कोसळलेल्या प्रसंगांत आहे. तालुक्याच्या गांवीं मनोविकारतज्ज्ञ रोज भेटतोच असें नाहीं, आणि ठाण्याची फेरी म्हणजे एक दिवसाचा रोजगार बुडतो. जुनी चिठ्ठी पुन्हां पुन्हां चालविण्याचें मूळ पुष्कळदां या अडचणींतच असतें. त्यासाठीं १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारनें 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्रीं केव्हांहि विनामूल्य बोलतां येतें.

श्रोतेहो, आज रात्रीं आपल्या घरांतील औषधांची पेटी एकदां उघडून पाहा. शामक गोळ्यांची एखादी अर्धी पट्टी तींत सांपडली, तर ती कोणासाठीं, केव्हां आणि किती दिवसांकरितां आणली होती, हें घरांत विचारा. जिचा धनी सांपडत नाहीं, ती मुलांच्या हातीं पडण्याआधीं औषधाच्या दुकानांत नेऊन तिची विल्हेवाट कशी लावावी तें विचारून घ्या. आणि जी कोणी रोज घेत असेल, त्या माणसाला न रागावतां, ती पट्टी बरोबर घेऊन, या आठवड्यांतच डॉक्टरांकडे घेऊन जा.